आजपासून

तंबाखू कापणीला आली त्याच सुमारास मास्टर लेथम अंथरुणाला खिळले, आणि त्याच सुमारास माझ्या बायकोचे, तामारचे, दिवस भरत आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसता, तर त्या शरदात आमच्या गुलामांच्या वस्तीवर मास्टरांच्या दीर्घायुष्यासाठी कुणी हात जोडले नसते. पण संबंध होता. तो ज्यूनो मावशीने स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

ज्यूनो मावशी म्हणजे तामारची आई. मोठ्या घरात मास्टरांच्या खोलीची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. आदल्या हिवाळ्यात, नदीच्या काठाला बर्फाची पातळ साय धरू लागली होती तेव्हा, मास्टरांनी वकिलाला बोलावून मृत्युपत्र लिहवून घेतले. मावशी भिंतीतल्या आगीत लाकडे सारत होती. तिच्यादेखत बोलायला त्या दोघांना संकोच वाटला नाही. खोलीतल्या खुर्चीदेखत बोलताना कुणाला वाटतो?

मास्टरांना दोन मुली. धाकटी मिस लूसी हिने लग्न केले नव्हते. ती इथेच राहत असे. थोरली ज्युडिथबाई नवऱ्याबरोबर, मिस्टर ग्रिम्सबरोबर, डोंगर ओलांडून केंटकीला गेलेली. तिकडे आमच्यातले जे कोणी नेले गेले, त्यांतले कुणी परत आले नाही. मास्टरांना न्यायाची फार हौस होती. शेते, घोडे, चांदीचे चमचे, सगळे त्यांनी दोघींना सारखे वाटले. मी, एनॉक, तंबाखू भरायची पिंपे बनवणारा, लूसीच्या वाट्याला गेलो. माझ्या आधी बैल होते आणि माझ्यानंतर ओकच्या फळ्या. तामारपाशी आल्यावर मात्र मास्टर थबकले. तिच्या हाताला शिवणाची अशी सफाई होती की ती दोन्ही मुलींना हवी होती. मग ते म्हणाले, "तामार लूसीला. आणि आजपासून तिला जे काही होईल, ते ज्युडिथला. म्हणजे कुणी कुणावर रुसायला नको."

तेव्हा तामारला काही नव्हते. थंडी सरता सरता दिवस राहिले.

उन्हाळाभर आम्ही त्या वाक्याभोवती गप्प राहून वावरलो. मास्टर धडधाकट होते. घोड्यावरून शेते पाहत हिंडत होते. पण कापणीच्या तोंडाशी एका सकाळी ते घोड्यावर चढता चढता खाली बसले, आणि त्यांच्या तोंडाची डावी बाजू ओघळली. त्या संध्याकाळी ज्यूनो मावशी आमच्या खोपटात आली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"किती दिवस आहेत तुला?" तिने तामारला विचारले.

"बेक आजी म्हणते, अजून एक चंद्र पुरा व्हायचाय."

"त्याला तेवढे नाहीत."

मी चुलीतला विस्तव उगाच ढोसत होतो. तामार म्हणाली, "आई, नीट सांग. उशिरा झालं तर काय?"

"उशिरा झालं तर ते ज्युडिथबाईचं. आधी झालं तर ते तुझ्यासारखंच, तुझ्याबरोबर इथं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. वकिलाला म्हणाला, मी डोळे मिटले की हा कागद बोलायला लागेल, तोवर तो मुका. मग 'आजपासून' म्हणजे कधीपासून? बोलेल त्या दिवसापासून. मुक्याला कसला आलाय आज?"

आम्ही त्यावर विचार केला. त्यात चूक काढण्यासारखे काही दिसेना. आमच्यापैकी कुणीही आयुष्यात कागदाशी बोललेले नव्हते. आम्हाला ठाऊक असलेला प्रत्येक आज त्या त्या दिवशीच येत असे आणि संध्याकाळी संपत असे.

तामार पोटावर हात ठेवून हसली. "म्हणजे म्हाताऱ्यानं माझ्या पोरापेक्षा जास्त टिकायचं. बघा, आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तब्येतीची काळजी वाटतेय मला."

"टिकेल," मावशी म्हणाली. "मी टिकवीन."

*

पाने पिकून जाड झाली होती. झाड बुंध्याशी चिरायचे, उन्हात मलूल होऊ द्यायचे, मग काठ्यांवर ओवून कोठाराच्या आढ्यापर्यंत टांगायचे. त्या दिवसांत शिवणकाम, घरकाम सगळे बंद पडे आणि ज्याला पाय आहेत तो शेतात जाई. तामारलाही सूट नव्हती. ती सरींमधून वाकत नसे; गुडघ्यांवर बसून पुढे सरके, आणि पोट मांडीवर विसावून बुंधा कापी. पानांचा चीक तिच्या कोपरांपर्यंत काळा होऊन चिकटला होता. संध्याकाळी मी तो राखेने घासून काढी. तिच्या पायांना सूज होती. अंगठ्याने दाबले की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही, ओल्या मातीवर पक्षी बसून गेल्यासारखा.

"लवकर ये रे बाबा," ती पोटाला म्हणे. "इथं काही फार सुख आहे असं नाही. पण तिथं त्याहून नाही."

बेक आजी ही वस्तीवरची सुईण. तिने मिस लूसीला या जगात आणले होते आणि मलाही. ती तामारला काटेरी पाल्याचा काढा देई आणि वर म्हणे, "घाई करू नकोस गं. फळ ओढून काढलं की देठ रडतो."

"आजी, देठाचं जाऊ दे. फळ कुणाच्या टोपलीत पडतंय ते बघ."

मोठ्या घरात ज्यूनो मावशी जे करत होती, ते पाहून लोक थक्क झाले. ती मास्टरांजवळून हलेना. पेज गाळून, कोमट करून, चमच्याने जिभेच्या चांगल्या बाजूला सोडी, आणि गळ्यावरून बोट फिरवून ती खाली उतरवी. छाती भरून येऊ नये म्हणून त्यांना उशांना टेकवून बसते ठेवी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून कितीतरी वेळा कूस बदले. मिस लूसी दारात उभी राहून डोळे पुसे. एकदा तिने मावशीचा हात धरला. "ज्यूनो, मी त्यांची मुलगी, पण सेवा तू करतेस."

"माझं कर्तव्यच आहे ते, मिस लूसी," मावशी म्हणाली. तिने डोळे खाली ठेवले होते. ते वर केले असते तर काय दिसले असते, हे मला ठाऊक होते.

आमच्यात माणूस जायला लागला की घरातली कुलपे उघडतात, गाठी सोडतात, पडदे बाजूला सारतात; त्याची वाट मोकळी व्हावी म्हणून. बाळंतिणीच्या घरातही तेच करतात. बेक आजीच्या मते येणारा आणि जाणारा एकाच दारातून ये-जा करतात, फक्त तोंडे वेगळ्या दिशांना असतात. मावशीने मास्टरांच्या खोलीत बरोबर याच्या उलट केले. खिडक्यांच्या कड्या लावल्या, पेटीला कुलूप घातले, पलंगाच्या पडद्याच्या दोऱ्यांना गाठी मारल्या. रात्रीच्या टोपीचा बंदसुद्धा तिने त्यांच्या हनुवटीखाली गच्च आवळून बांधला.

"इथं जीव गुदमरतो," मिस लूसी म्हणाली.

"वारा लागेल त्यांना," मावशी म्हणाली.

*

एके दिवशी मिस लूसीने मला बोलावले. काळ्या अक्रोडाच्या फळ्या मास्टरांनी स्वतःसाठी कधीच्या राखून ठेवल्या होत्या, आणि त्यांची शवपेटी आता मी करायची होती. "ते झोपेत आहेत तोवर माप घेऊन टाक," ती कुजबुजली.

पण ते जागे होते. मी तागाची दोरी घेऊन पलंगाच्या पायथ्याशी वाकलो, तेव्हा त्यांचा एक डोळा माझ्यावर होता.

"कोण? पिंपवाला?"

"होय, मास्टर."

"पाय दुमडून कोंबू नकोस हं. मी तंबाखू नव्हे." त्यांचे अर्धे तोंड हसले. "आणि झाकण घट्ट बसव. नाहीतर ही बाई मला बाहेर काढून पेज पाजेल."

हसावे की नाही ते मला कळेना. मी तसाही कुणापुढे हसणारा माणूस नाही. टाचेपासून डोक्यापर्यंत दोरी ताणली, जिथे डोके संपले तिथे गाठ मारली, आणि दोरी खिशात घातली. बाहेर पडताना मावशी माझ्या मागोमाग ओसरीपर्यंत आली.

"ती गाठ सोडू नकोस," ती हळूच म्हणाली. "तो आहे त्या गाठीत."

त्यानंतर मी ते काम जितके लांबवता येईल तितके लांबवले. तयार पेटी माणसाला हाक मारते, असे म्हणतात. मी एक फळी रंधून ठेवी आणि दुसरीला हात लावत नसे. मध्येच जाऊन पिंपाच्या फळ्या तासत बसे. मुकादमाच्या ते लक्षात आले. तो गोरा, गरीब घरचा माणूस होता आणि त्याला आपल्या गरिबीची चीड आमच्यावर काढायची सवय होती. त्याने बुटाच्या टोकाने फळ्या उलथल्या.

"तुझं खोकं व्हायची वाट बघत थांबलेत वाटतं मास्टर?"

"लाकूड ओलं आहे, साहेब."

"लाकूड तुझ्या जन्माआधीपासून वाळतंय. ओला तू आहेस." त्याने माझा रंधा उचलला, बाकीच्या लोकांकडे पाहिले, आणि तो भुशात टाकला. "उचल."

मी उचलला. त्याने पुन्हा टाकला. मी पुन्हा उचलला. कोठारापाशी बायका पाने ओवत होत्या. तामारही त्यांच्यात होती. तिने मान वर केली नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

*

मास्टरांना आता एकट्या मावशीच्याने उचलवेना, म्हणून मला कूस बदलायला बोलावू लागले. त्यांचे अंग हलके झाले होते, पण मेल्यासारखे नव्हे. आत कुणीतरी बसून स्वतःला आवळून धरल्यासारखे. श्वास विचित्र येई. एक लांब आत जाई, आणि मग काहीच नसे. खोलीतले सगळे त्या पोकळीत थांबून राहत: मिस लूसी, मावशी, मी, पडद्यावरची माशी. मग दूरवरून, जिना चढत असल्यासारखा, पुढचा श्वास येई.

एका दुपारी मी त्यांना धरून होतो आणि मावशी पेजेचा चमचा पुढे करत होती. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"ज्यूनो," ते म्हणाले. शब्द अर्धवट फुटत होते. "सोड."

"अजून थोडं, मास्टर."

"सोड मला."

"थोडंच राहिलंय. घ्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिले. अनेक वर्षे ती त्यांच्या अवतीभवती होती. पण मला वाटते, तेव्हा त्यांनी तिला प्रथमच पाहिले. "कुणासाठी?" त्यांनी विचारले.

चमचा तिच्या हातात स्थिर होता. दारातून मिस लूसी हुंदका देत म्हणाली, "आमच्यासाठी, पपा. आमच्यासाठी."

मावशीने त्यांच्या नाकपुड्या हलकेच चिमटीत धरल्या. तोंड उघडले, आणि पेज आत गेली.

मी त्या माणसाचा कधी द्वेष केला होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. द्वेषालासुद्धा थोडी मोकळी जागा लागते. पण तो 'सोड' माझ्या अंगाला चिकटून घरी आला. तामारने विचारले, "कसा आहे?" मी म्हणालो, "आहे." तिने मान डोलावली आणि कुशीवर वळली.

*

सकाळी धुके नदीवरून वर येत होते तेव्हा तामारला कळा सुरू झाल्या. मी बेक आजीला घेऊन आलो. तिने आल्या आल्या वेण्या सोडल्या, तामारच्या आणि स्वतःच्याही. झग्याचे बंद, पिठाच्या पोत्याचे तोंड, टोपलीची दोरी, सगळे सुटे केले. माझ्या बुटांकडे बोट केले. मी त्यांच्या वाद्या सोडल्या. मग तिने मला बाहेर काढले.

धुके विरले. ऊन चढले. मुकादमाने कधी नव्हे ते मला कामावर ओढले नाही, कारण मोठ्या घरातून निरोप आला होता की मास्टरांचा श्वास तुटतो आहे. आता पेटी तरी पुरी कर, असेही त्यात होते. मी फळ्या खोपटासमोरच्या ओकखाली आणल्या आणि खिळे ठोकू लागलो. आतून तामारचा आवाज येई, तेव्हा मी हातोडी थांबवी. आवाज थांबला की पुन्हा मारी.

ज्यूनो मावशी येऊ शकली नाही. तिची मुलगी इकडे विव्हळत होती आणि ती तिकडे पलंगावर चढून, मास्टरांच्या पाठीमागे पाय पसरून बसली होती. त्यांची पाठ तिने आपल्या छातीशी धरली होती आणि दोन्ही हातांनी त्यांना सरळ उभे ठेवले होते, म्हणजे छातीतले पाणी वर येऊ नये. हे तिने मला नंतर सांगितले. त्याच वेळी खोपटात बेक आजी तामारच्या पाठीमागे अगदी तशीच बसली होती. मी ते दारातून पाहिले, आणि आता मला ती दोन दृश्ये एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. कधी तामारच्या जागी मास्टर दिसतात, घामाने निथळलेले. कधी मास्टरांच्या जागी ती.

दुपार कलायला आली. बेक आजी दारात आली. तिचे पांढरे केस तोंडावर आले होते.

"पुढं सरकत नाही," ती म्हणाली. "कुठंतरी गाठ राहिलीय. बघ नीट."

"सगळ्या सोडल्या, आजी."

"सगळ्या सोडल्या असत्या तर ते आलं असतं. खिसे बघ."

माझा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. दोरी तिथे होती. तो आहे त्या गाठीत, असे मावशी म्हणाली होती. गाठ राहिली तर मूल अडते. सोडली तर म्हातारा निसटतो, आणि आधी कोण, हे कुणी सांगावे? आतून तामार ओरडली, आणि त्या ओरडण्यात माझे नाव होते. मी दोरी काढली. घामाने आणि खिशातल्या ओलीने गाठ आवळून खड्यासारखी झाली होती. नखे लागेनात. मी ती दातांत धरली. तिला तागाची, भुशाची आणि आजारी खोलीची चव होती. ती हलली. मग सैल झाली. मग नुसती दोरी उरली, तिच्यावर एक वळलेली खूण.

आतून रडणे आले.

मी ओकच्या बुंध्याला धरून उभा होतो. बेक आजी आतून म्हणाली, "मुलगी." मुलीचे रडणे शेतावरून पार कोठारापर्यंत गेले असावे, कारण पाने ओवणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. आणि त्या उभ्या असतानाच मोठ्या घराची घंटा वाजू लागली.

आधी रडणे, मग घंटा. साऱ्या वस्तीने ऐकले. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मुकादम रस्त्यावरून जाताना त्यांच्याकडे पाहून टोपी काढून उभा राहिला. त्याला वाटले, त्या मास्टरांसाठी रडत आहेत.

ज्यूनो मावशी उतरत्या उन्हात आली.

"आधी?" तिने विचारले.

"आधी," मी म्हणालो.

ती उंबऱ्यावर बसली. नातीकडे तिने लगेच पाहिले नाही. ती आपल्या तळव्यांकडे पाहत होती. "एकाएकी हलका झाला," ती म्हणाली. "मी तर सोडलं नव्हतं."

मी तिला दोरीबद्दल सांगितले नाही. तिने विचारलेही नाही.

*

मुलीचे नाव एस्तेर ठेवले.

मास्टरांना टेकडीवर पुरल्यानंतर मृत्युपत्र दिवाणखान्यात वाचले गेले. आम्ही खिडक्यांबाहेर ओळीने उभे होतो, ज्यांची नावे येतील ते. तामार मुलीला कुशीत घेऊन माझ्या शेजारी होती. अजून तिचा रंग परतला नव्हता, पण ती ताठ उभी होती, जिंकलेल्या माणसासारखी. वकील सपाट आवाजात वाचत गेला. बैल, मी, ओकच्या फळ्या. मग तामार. मग ते वाक्य.

मिस लूसी म्हणाली, "म्हणजे बाळही इथेच राहील. ते पपांच्या आधी जन्मलं. ज्यूनोला विचारा."

वकिलाने चष्मा सारखा केला. "आधी म्हणजे कशाच्या?"

"पपा जायच्या आधी."

"त्यांच्या जाण्याचा इथे संबंध नाही, मिस लूसी. इथे 'आजपासून' असं आहे." त्याने कागदाच्या अगदी वरच्या बाजूला बोट ठेवले. "आज म्हणजे हा आज. लिहिला तो दिवस. गेला हिवाळा."

मग ज्यूनो मावशी बोलली. गोऱ्या माणसांपुढे, न विचारता बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकले नव्हते. "मास्टर म्हणाले होते, डोळे मिटले की कागद बोलायला लागेल."

"बोलला की आता," वकील म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिला नीट समजावून सांगितले. "पण बोलतो तो त्या दिवसाचं."

"तेव्हा तर ही पोटातसुद्धा नव्हती."

"म्हणूनच तर."

मी मुलीकडे पाहिले. ती झोपली होती. आमच्या कुणाच्या मनात ती आली, त्याच्याही आधी, आगीत लाकूड सरकवले जात असताना, ती देऊन झाली होती. मग तो प्रत्येक चमचा, बदललेली ती प्रत्येक कूस, चिमटीत धरलेले ते नाक, हे सगळे कशासाठी होते? मावशीने खिडकीची चौकट धरली. तामारने मुलीच्या अंगावरचे फडके वर ओढले आणि तिचा चेहरा झाकला, जणू कागद तिकडून तिला पाहत होता.

मिस लूसी रडू लागली. तिचे मन मऊ होते. त्याचा उपयोग मात्र तिला स्वतःलाही कधी करता आला नाही. "मी ज्युडिथला लिहीन," ती म्हणाली. "दूध सुटेपर्यंत तरी इथे राहू दे म्हणून. एवढं ती ऐकेल."

ज्युडिथबाईने ऐकले. दूध सुटले की मिस्टर ग्रिम्स येतील, असा निरोप आला.

*

त्या हिवाळ्यापासून ज्यूनो मावशी रिकाम्या खोलीत पेज घेऊन जाऊ लागली. मिस लूसी तिला अडवत नसे. तिला ते प्रेम वाटे. मी एकदा लाकडे घेऊन गेलो, तेव्हा मावशी पलंगाशी उभी होती. पडद्याच्या गाठी तिने सगळ्या सोडल्या होत्या, खिडक्या सताड उघड्या होत्या, थंडी आत येत होती.

"अजून म्हणतो," ती माझ्याकडे न वळता म्हणाली. "सोड, सोड. मी कधीच सोडलं, मास्टर. आता तुम्ही सोडा."

मी तिला घरी आणले. पण तो श्वास मलाही ऐकू येई. ओल्या हवेत कोठारातली वाळलेली पाने मऊ पडतात आणि आढ्यापासून खालपर्यंत एकदम सुस्कारतात, मग शांतता, मग पुन्हा. मी पिंपात पाने दाबत असताना त्या शांततेत हात थांबवून उभा राही. एस्तेरही झोपेत अशीच मध्येच थांबे. तामार अंधारात तिच्या छातीवर हात ठेवून, पुढचा श्वास येईपर्यंत ताटकळत पडे.

आणि तामारने दूध सुटू दिले नाही.

त्याबद्दल आम्ही कुणी काही ठरवले नव्हते. पण वस्तीवर ज्याच्या ताटात खारवलेल्या मांसाचा तुकडा येई, तो त्यातला अर्धा फडक्यात गुंडाळून आमच्या दारात ठेवून जाई. बेक आजी बडीशेपेचा काढा आणी. तामारची गालफडे बसली, हाडे वर आली. पण छाती भरलेली राहिली. एस्तेर चालू लागली, पळू लागली, आणि पळत येऊन आईच्या मांडीवर चढून पिई. मिस लूसी पाहून म्हणे, "अजून?" तामार म्हणे, "अशक्त आहे हो पोर."

भाकर एस्तेर खाई, पण दार लावून. आणि दार लावलेले असतानाच तामारने तिला एक खेळ शिकवला. मक्याच्या भाकरीचा तुकडा मी परक्या माणसासारखा पुढे करायचा.

"ही कुणाची?" तामार विचारी.

"आईची."

"मग?"

एस्तेर तो तुकडा घेई आणि आईच्या तोंडात घाली. आई चावे, डोळे मोठे करी, आणि पोर खिदळे. मग खेळातला नसलेला, खरा तुकडा तिला मिळे. खेळताना मी कधी तामारच्या डोळ्यांकडे पाहिले नाही.

मिस्टर ग्रिम्स आले ते एस्तेरच्या जन्मानंतरच्या दुसऱ्या कापणीच्या शेवटी. थकलेला, दाढी वाढलेला, लांबच्या वाटेने झिजलेला माणूस. गाडीत त्यांनी वाळलेले गवत अंथरून आणले होते. बाळासाठी, असे ते म्हणाले. मिस लूसीने आम्हाला स्वयंपाकघरासमोरच्या अंगणात बोलावले. ज्यूनो मावशी दारात होती. मी तामारच्या एका बाजूला उभा राहिलो.

"चांगली मोठी झाली की," मिस्टर ग्रिम्स म्हणाले. "ही अजून अंगावर पिते?"

"होय, साहेब," तामार म्हणाली. "दुसरं काही पोटात ठरत नाही तिच्या."

त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिले. मग स्वयंपाकघरात जाऊन ते एक तुकडा घेऊन आले: ताज्या भाकरीचा, गरम, वरून काकवी ओघळणारा. एस्तेरने काकवी आजवर एकदाच चाखली होती. ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तो तिच्यापुढे धरला. "घे बेटा. तुला आहे."

आमच्या खेळात काकवी कधी नव्हती.

एस्तेरने तुकडा घेतला. काकवी तिच्या बोटांवरून मनगटाकडे उतरली. ती त्या बोटांकडे पाहत होती; तिच्या गळ्याखालची छोटी नस हलली. कोठाराच्या बाजूने पानांचा सुस्कारा आला आणि थांबला. मी दोन्ही हात खिशांत घातले. दोरी अजून तिथेच होती.

मग तिने मान वर केली, आईच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि टाचा उंचावून तो तुकडा तिच्या ओठांशी नेला. तामार वाकली. तिने तोंड उघडले आणि तो घेतला.

मिस्टर ग्रिम्स उठले, गुडघ्यावरची माती झटकली. "नाहीच म्हणते," ते मिस लूसीला म्हणाले. "वाटेत मेली तर काय उपयोग? पुढच्या वर्षी बघू." ते घोड्यांकडे चालू लागले.

तामार चावत होती. तिने डोळे मोठे केले, खेळात करी तसे. पण तो घास तिच्या घशाखाली उतरेना. एस्तेर तिच्या तोंडाकडे टक लावून, श्वास अडवून पाहत होती. ज्यूनो मावशी मागून आली. तिने तामारच्या पाठीवर तळवा ठेवला, दुसऱ्या हाताचे बोट तिच्या गळ्यावरून हलकेच खाली फिरवले, आणि आजाऱ्याच्या खोलीतल्या त्या जुन्या, शांत आवाजात म्हणाली,

"गिळ. अजून थोडं."